हयात नाटककाराचे दप्तर : रंगसंहिता, स्मृती आणि अधिकार

१

लेखकाचे दप्तर लेखकाच्या मृत्यूनंतर सुरू होते, असे साहित्याच्या इतिहासात सामान्यतः गृहीत धरले जाते. लेखक जातो, वारस कपाटे उघडतात, कोणी जाणकार गठ्ठे सोडून बसतो, याद्या होतात आणि काही वर्षांनी अभ्यासकांना ते कागद पाहावयास मिळतात. या क्रमात एक सोय आहे. कागदांत यापुढे भर पडणार नसते आणि कागदांचा कर्ता त्यांच्याविषयी काही बोलणार नसतो. दप्तर बंद झालेले असते, म्हणूनच ते लावता येते. अभिलेखशास्त्राची उगमाचे तत्त्व आणि मूळ क्रमाचे तत्त्व ही दोन्ही मूलतत्त्वे अशा बंद दप्तराला डोळ्यांसमोर ठेवून घडली आहेत. १८४१ मध्ये फ्रेंच शासनाच्या एका परिपत्रकाने यांपैकी पहिल्याला अधिकृत रूप दिले. पुढे १९२२ मध्ये हिलरी जेन्किन्सन यांनी अभिलेखव्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात दप्तरदाराची निःपक्ष राखणदार म्हणून प्रतिमा रेखाटली. कागद कसे निर्माण व्हावेत, कोणते राहावेत आणि कोणते जावेत यांत त्याने हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती.

नाटककार हयात असताना त्याच्या कागदांची व्यवस्था जो पाहतो, त्याला ही भूमिका घेता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा व दप्तरदारांचा नाही. नाटकाची संहिता म्हणून आपण जे वाचतो, शिकवतो आणि ज्याच्यावर समीक्षा उभारतो, ते कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने निश्चित केले, या प्रश्नाशी तो थेट जोडलेला आहे. कवी वा कादंबरीकाराच्या बाबतीत मुद्रण हा एक निश्चित टप्पा असतो. नाटककाराच्या बाबतीत तसे नसते. संहिता तालमीत बदलते, प्रयोगात बदलते, परीक्षण मंडळाकडे जाऊन येताना बदलते, दुसऱ्या भाषेत जाताना बदलते आणि नाटककार स्वतः दिग्दर्शक असेल तर वीस वर्षांनी पुन्हा बदलते.

पाठचिकित्सेची जी परंपरा आपल्या परिचयाची आहे तिच्याशी ही परिस्थिती ताडून पाहणे उद्बोधक ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अडचण अशी होती, की मूळ प्रत उपलब्ध नव्हती आणि असंख्य उत्तरकालीन प्रतींवरून प्राचीनतम पाठाकडे शक्य तितके मागे जावयाचे होते. हयात नाटककाराच्या दप्तरात नेमकी उलट अडचण असते. तेथे मूळ प्रती अनेक असतात, त्या सर्वांवर कर्त्याचा हात फिरलेला असतो आणि कर्ता समोर बसलेला असतो. पहिल्या प्रकारात संपादकाला प्रतींच्या गर्दीतून हरवलेला कर्ता शोधावयाचा असतो. दुसऱ्यात कर्त्याच्या सान्निध्यात प्रतींचे म्हणणे ऐकू येईल याची काळजी घ्यावी लागते.

२

या भूमिकेचा इतिहास बेकेटच्या वा पिंटरच्या काळात सुरू होत नाही. १८२२ मध्ये वायमार येथे ग्योटेने ग्रंथालयातील सचिव क्रॉयटर याच्याकडून आपल्या सर्व कागदपत्रांची मांडणी व सूची करवून घेतली आणि पुढच्याच वर्षी कवीच्या व लेखकाच्या दप्तराविषयी एक छोटे टिपण आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ग्योटे कवी होता, तसाच नाटककार व वायमारच्या नाट्यगृहाचा दीर्घकाळचा संचालकही होता. या मांडणीमागील त्याचा हेतू स्पष्ट होता. १८२७ पासून निघू लागलेल्या 'अखेरच्या हाताची आवृत्ती' या नावाच्या समग्र वाङ्मयाची ती पूर्वतयारी होती. म्हणजे हयात लेखकाचे दप्तर जन्माला आले तेच मुळी स्वतःची आवृत्ती स्वतः ठरविण्याच्या इच्छेतून. दप्तर हे तेथे साधन होते, आणि अखेरचा हात कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले होते.

तरीही तो हात अखेरचा ठरला नाही. 'फाउस्ट'चा दुसरा भाग १८३१ च्या उन्हाळ्यात पुरा झाल्यावर ग्योटेने हस्तलिखित मोहोरबंद केले. ते आपल्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध व्हावे असा त्याचा निर्णय होता. परंतु १८३२ च्या जानेवारीत त्याने स्वतःच ती मोहोर फोडली आणि संहितेत पुन्हा काही फेरफार केले. दोनच महिन्यांनी, मार्च महिन्यात, त्याचे निधन झाले. कर्ता जिवंत आहे तोवर कोणतीही मोहोर अंतिम नसते, हे या प्रसंगावरून दिसते. क्रॉयटरची सूची काटेकोर होती, पण सूचीतील ज्या नोंदीवर काम पुरे झाल्याचे गृहीत धरावे, तीच नोंद उद्या खोटी ठरू शकत होती.

नाटककाराच्या हयातीत त्याच्या संहिता जपणारी दुसरी एक संस्था याहून जुनी आहे, आणि तिचा हेतू जतनाचा कधीच नव्हता. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने नाटकाची प्रत प्रयोगापूर्वी लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयात सादर करणे बंधनकारक झाले. १८४३ च्या कायद्याने ही व्यवस्था पुढे चालू ठेवली आणि १९६८ च्या कायद्याने ती संपुष्टात आणली. या दोनशे एकतीस वर्षांत सादर झालेल्या संहितांपैकी १८२४ पर्यंतच्या प्रतींचा मोठा संग्रह परीक्षक लार्पेंट यांच्या नावाने कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात आहे आणि त्यापुढील प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जी असंख्य नाटके कधी छापली गेली नाहीत त्यांचे अस्तित्व आज या प्रतींमुळेच उरले आहे. ज्या कार्यालयाने वाक्ये खोडली, त्याच कार्यालयाने खोडलेली वाक्ये जपली. झाक देरिदा यांनी १९९४ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या आणि १९९५ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानात अभिलेखागाराला असलेल्या ग्रीक शब्दाचे मूळ दंडाधिकाऱ्याच्या घरात दाखविले आहे. नाटकाच्या बाबतीत ही व्युत्पत्ती अक्षरशः लागू पडते.

आपल्याकडील चित्र याच्याशी मिळतेजुळते आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने वसाहतवादी शासनाला प्रयोग थांबविण्याचा अधिकार मिळाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध'चे प्रयोग १९०७ पासून होत होते. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करण्याची रीत राहिली. हयात नाटककाराची तारीखवार प्रत सक्तीने मागून घेणारी यंत्रणा आपल्याकडेही अशा रीतीने प्रथम शासनाची होती.

मात्र मराठीत याआधीचे एक निराळे उदाहरण आहे, आणि ते स्वयंप्रेरित आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीता स्वयंवर' सादर केले तेव्हा आजच्या अर्थाने लिखित संहिता नव्हती. पदे सूत्रधाराकडे होती आणि भाषणे पात्रे ऐन वेळी रचीत. चार दशकांनंतर, १८८५ मध्ये, भाव्यांनी स्वतःच आपली नाट्यपदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने एकत्र केली. प्रयोग ओसरल्यावर वृद्ध नाटककाराने मागे वळून केलेले हे दप्तर आहे. त्यात पदे आली, उत्स्फूर्त संवाद आले नाहीत, कारण ते कागदावर कधी नव्हतेच. जे लिहिलेले होते तेच उरले, आणि जे उरले त्यावरूनच आपण आद्य मराठी नाटकाची कल्पना करतो. दप्तर इतिहास जपते तसेच त्याला एका बाजूला कलवतेही, याचे हे आपल्या घरचे उदाहरण होय.

३

प्रयोग स्वतःच जतनाचा विषय आहे, ही जाणीव विसाव्या शतकात सर्वांत ठामपणे मांडली ती बेर्टोल्ट ब्रेश्टने. आणि त्यासाठी लागणारे प्रत्यक्ष काम मोठ्या प्रमाणात केले रूट बेर्लाऊ यांनी. अमेरिकेतील निर्वासित जीवनात बेर्लाऊ यांनी ब्रेश्टच्या हस्तलिखितांची छायाचित्रे घेऊन ती फिल्मवर सुरक्षित केली. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील कूर येथे झालेल्या 'अँटिगोनी'च्या प्रयोगाची त्यांनी काढलेली छायाचित्रे आणि ब्रेश्टच्या टिपा मिळून पहिले 'आदर्शपुस्तक' १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'मदर करेज'साठीही असेच पुस्तक सिद्ध झाले आणि १९५२ मध्ये बर्लिनर आन्साम्ब्लने आपल्या सहा प्रयोगांचा सचित्र वृत्तांत 'थिएटरआर्बाइट' या ग्रंथात दिला.

येथे दप्तरदाराचे स्थान बदललेले दिसते. क्रॉयटरच्या पुढे तयार कागद होते. बेर्लाऊ स्वतः दस्तऐवज निर्माण करीत होत्या. कॅमेरा कोठे ठेवावयाचा, कोणत्या क्षणी कळ दाबावयाची, कोणत्या हालचालीला नोंदणीयोग्य मानावयाचे, हे निर्णय जेन्किन्सन यांच्या राखणदाराला निषिद्ध होते. पण प्रयोगाचे दप्तर या निर्णयांवाचून अस्तित्वातच येत नाही. नाटककारासाठी काम करणारा दप्तरदार निःपक्ष असू शकत नाही, याची पहिली ठळक खूण येथे मिळते. आपण काय निवडले आणि काय सोडले याची नोंद तो ठेवू शकतो, आणि त्याची सचोटी तेथेच तपासता येते.

ब्रेश्टचे अधिकृत दप्तर मात्र त्याच्या निधनानंतर, १९५६ च्या अखेरीस, हेलेने वायगेल यांनी स्थापन केले. वायगेल पत्नी होत्या, प्रमुख अभिनेत्री होत्या आणि नाट्यसंस्थेच्या प्रमुखही होत्या. कौटुंबिक वारसा, रंगमंचीय स्मृती आणि संस्थात्मक सत्ता एकाच व्यक्तीकडे आल्या म्हणजे दप्तर वेगाने उभे राहते. त्याच वेळी जीवनातील व लेखनातील इतर सहकाऱ्यांचा वाटा ठरविण्याचा अधिकारही तेथेच एकवटतो. ब्रेश्टच्या लेखनातील सहकर्तृत्वाचा जो वाद पुढील दशकांत रंगला त्याची मुळे अंशतः या रचनेत आहेत.

४

हयात नाटककाराच्या दप्तराचा आधुनिक काळातील सर्वांत फलद्रूप प्रयोग म्हणून सॅम्युएल बेकेट आणि इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठ यांच्या संबंधाचा निर्देश करावा लागेल. १९७१ मध्ये तेथे फ्रेंचचे अध्यापन करणाऱ्या जेम्स नोल्सन यांनी बेकेटच्या साहित्यावर एक प्रदर्शन भरविले. १९६९ चे नोबेल पारितोषिक मिळून दोन वर्षे झाली होती. बेकेट प्रसिद्धीपराङ्मुख म्हणून ख्यातनाम होते, तरी या प्रदर्शनाला त्यांनी साहाय्य केले आणि त्यानंतर वेळोवेळी हस्तलिखिते, टंकलिखिते व दिग्दर्शनवह्या रेडिंगला देत राहिले. १९७६ मध्ये बेकेट-अभ्यासाचे नियतकालिक निघाले, १९८८ मध्ये बेकेट प्रतिष्ठान स्थापन झाले. १९८९ च्या डिसेंबरात बेकेट वारले तेव्हा त्यांच्या दप्तराला अठरा वर्षे झाली होती.

या अठरा वर्षांत काय घडले ते पाहण्यापूर्वी संहितांची आधीची अवस्था लक्षात घेतली पाहिजे. 'गोदो' फ्रेंचमध्ये १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅरिसमधील पहिला प्रयोग जानेवारी १९५३ चा. १९५६ मध्ये लंडनमध्ये निघालेली इंग्रजी आवृत्ती लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाने सुचविलेल्या वगळणुकींसह छापली होती, आणि अखंड पाठ तेथे १९६५ मध्ये आला. मधली नऊ वर्षे ब्रिटनमधील वाचकांच्या हाती असलेले 'गोदो' परीक्षकाच्या हातून गेलेले होते, तर अमेरिकेतील वाचकांच्या हाती १९५४ पासून निराळा पाठ होता. 'एंडगेम'ची कथा अधिक विलक्षण आहे. १९५७ च्या एप्रिलमध्ये हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये फ्रेंचमध्ये झाले तेव्हा परवाना निर्वेध मिळाला. पुढच्या वर्षी तेच नाटक इंग्रजीत सादर व्हावयाचे ठरले तेव्हा प्रार्थनेच्या प्रसंगातील ईश्वरविषयक उद्गाराला हरकत घेण्यात आली. अनेक महिने तिढा राहिला आणि अखेर एक शब्द बदलून ऑक्टोबर १९५८ मध्ये प्रयोग झाला. एकाच कर्त्याचे एकच वाक्य एका भाषेत निर्दोष आणि दुसऱ्या भाषेत आक्षेपार्ह ठरले. बेकेट स्वतःच भाषांतरकार असल्याने 'मूळ' कोणते, हा प्रश्न आधीच गुंतागुंतीचा होता. परवाना-कार्यालयाने त्यात आणखी एक प्रत वाढविली.

तिसरा थर दिग्दर्शनाचा. १९६७ पासून बेकेट बर्लिनच्या शिलर नाट्यगृहात स्वतःच्या नाटकांचे दिग्दर्शन करू लागले : १९६७ मध्ये 'एंडगेम', १९६९ मध्ये 'क्रॅप्स लास्ट टेप', १९७१ मध्ये 'हॅपी डेज', १९७५ मध्ये 'गोदो'. प्रत्येक वेळी त्यांनी वह्या लिहिल्या. त्यांत हालचालींचे आराखडे आहेत, पुनरुक्तींच्या याद्या आहेत आणि संहितेतील फेरफारही आहेत. छापील 'गोदो'त पडदा उघडतो तेव्हा एस्ट्रागॉन एकटा असतो आणि व्लादिमिर मागून येतो. बर्लिनच्या प्रयोगात दोघेही आरंभापासून रंगमंचावर होते, आणि मातीच्या उंचवट्याऐवजी एक दगड होता. हे बदल किरकोळ नाहीत. एकाकीपणातून जोडीकडे जाणारा आरंभ आणि जोडीपासूनच होणारा आरंभ यांतून नाटकाच्या अर्थाची दोन भिन्न सूत्रे निघतात.

या वह्या रेडिंगमध्ये आल्यामुळेच त्यांचे संपादन शक्य झाले. नोल्सन यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९९२ ते १९९९ या काळात त्यांचे चार खंड प्रसिद्ध झाले. त्यांत वह्यांची प्रतिरूपे आणि टिपा आहेत, शिवाय बेकेटच्या दिग्दर्शनानुसार सुधारलेला पाठही आहे. येथे समीक्षेपुढे खरा प्रश्न उभा राहतो. हा सुधारित पाठ आधीच्या पाठाला रद्द करतो काय? कर्त्याच्या अंतिम इच्छेला प्रमाण मानणारा संपादक होकारार्थी उत्तर देईल. जेरोम मॅक्गन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या भूमिकेनुसार संहिता हे कर्ता, प्रकाशक, नट, वाचक अशा अनेकांच्या व्यवहारातून घडणारे सामाजिक अपत्य आहे. तिला एका इच्छेत कोंडता येत नाही. आमच्या मते दप्तर या वादात मॅक्गन यांच्या बाजूची साक्ष देते, पण एका मर्यादेत. बर्लिनमधील बदल विशिष्ट नटांच्या देहांसाठी, विशिष्ट रंगमंचासाठी आणि जर्मन भाषेच्या लयीसाठी केलेले होते. ते इंग्रजी पाठात आणून बसविणे म्हणजे प्रयोगाला पुन्हा ग्रंथ करणे होय. वही वही म्हणूनच वाचली, तिच्यावरील तारीख, नाट्यगृह आणि भाषा यांसह वाचली, तर ती पाठ रद्द करीत नाही. नाटकाच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग तिच्यामुळे आपल्याला कळतो.

दप्तर आणि प्रयोगावरील नियंत्रण यांचे नाते येथे स्पष्ट केले पाहिजे. रंगसूचनांपासून दूर जाणाऱ्या प्रयोगांना बेकेट यांनी उत्तरायुष्यात उघड विरोध केला. १९८४ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे 'एंडगेम'चा प्रयोग भुयारी रेल्वेस्थानकाच्या नेपथ्यात झाला तेव्हा त्यांचे निषेधाचे निवेदन कार्यक्रमपत्रिकेसोबत द्यावे लागले. आता, ज्या नाटककाराच्या स्वतःच्या दिग्दर्शनवह्यांत छापील रंगसूचना बदललेल्या आढळतात, त्याच्या नावाने छापील रंगसूचनांचे सोवळे पाळले जावे, यात विसंगती आहे. ती विसंगती उघड झाली दप्तरामुळे, आणि दप्तर उभे राहिले कर्त्याच्याच देणगीतून. लेखकाने विश्वासाने दिलेले कागद लेखकाच्या एखाद्या भूमिकेविरुद्ध पुरावा होऊ शकतात. असा पुरावा दडवला जाऊ नये, ही दप्तरदाराची पहिली जबाबदारी होय. लेखकाशी असलेली निष्ठा आणि कागदाशी असलेली निष्ठा यांत अंतर पडते ते येथे.

हे अंतर पत्रव्यवहाराच्या बाबतीत अधिक तीव्र झाले. १९८५ मध्ये बेकेट यांनी आपल्या पत्रांच्या प्रकाशनाला संमती दिली ती अशी, की ज्या पत्रांचा आपल्या लेखनाशी संबंध आहे तेवढीच छापावीत. चार खंडांची ती आवृत्ती २००९ ते २०१६ या काळात आली. मधल्या काळातील बराचसा खल एकाच प्रश्नावर झाला : लेखनाशी संबंध नसलेले पत्र कोणते? आजारपण, पैसा, प्रवास, मैत्री यांविषयीचे पत्र लेखनाबाहेरचे मानावयाचे काय? हयात कर्त्याने घातलेली एक साधी वाटणारी अट त्याच्या मृत्यूनंतर समीक्षेची सीमारेषा ठरवू लागते, ती अशी.

कर्त्याने जे दिले नाही त्याचाही विचार केला पाहिजे. १९३६-३७ मधील जर्मनीच्या प्रवासात लिहिलेल्या सहा दैनंदिन्या बेकेट यांच्या मृत्यूनंतर एका ट्रंकेत सापडल्या आणि नोल्सन यांच्या १९९६ मधील चरित्राचा तो एक महत्त्वाचा आधार ठरला. अठरा वर्षे चाललेल्या, परस्परविश्वासावर उभ्या असलेल्या दप्तरातही एवढी मोठी पोकळी होती. 'मर्फी' या कादंबरीच्या सहा वह्या खाजगी संग्रहातून लिलावात आल्या तेव्हा २०१३ मध्ये रेडिंगला त्यांसाठी नऊ लाख बासष्ट हजार पाचशे पौंड मोजावे लागले. हयात लेखकाचे दप्तर कितीही समृद्ध असले तरी ते लेखकाने दाखविलेले दप्तर असते.

या साऱ्या प्रश्नांचे सर्वांत मर्मग्राही चित्रण बेकेट यांनीच १९५८ मध्ये, रेडिंगच्या तेरा वर्षे आधी, करून ठेवले होते. 'क्रॅप्स लास्ट टेप'मधील एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप हा स्वतःचा दप्तरदार आहे. त्याच्याजवळ क्रमांक घातलेले डबे आहेत, ध्वनिफितींची रिळे आहेत, नोंदवही आहे. नोंदी चोख आहेत, पण त्यांतील काहींचा अर्थ त्याला आता लागत नाही, आणि आपणच एकेकाळी वापरलेल्या एका शब्दासाठी त्याला शब्दकोश उघडावा लागतो. एकोणचाळीसाव्या वर्षीचा आवाज ज्या क्षणाला महत्त्वाचा मानतो तो क्षण म्हातारा क्रॅप चिडून पुढे ढकलतो, आणि ज्याचा त्याने ओझरता उल्लेख केला होता तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकतो. कर्ता हा स्वतःच्या कागदांचा सर्वोत्तम भाष्यकार असतो, या समजुतीला यापेक्षा समर्पक उत्तर सापडणे कठीण.

५

रेडिंगचा संबंध देणगीचा होता. इतरत्र पैशाचा भाग मोठा आहे. अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणा कायद्यापूर्वी लेखकाला स्वतःची हस्तलिखिते ग्रंथालयास दिल्यास त्यांच्या बाजारमूल्याइतकी करसवलत मिळत असे. आर्थर मिलर यांनी १९६० च्या दशकारंभी टेक्सास विद्यापीठाकडे पाठविलेल्या पेट्यांमागे ही पार्श्वभूमी होती. कायदा बदलल्यावर देणगीचे आकर्षण संपले आणि विक्रीचा मार्ग प्रशस्त झाला. मिलर यांचे समग्र दप्तर टेक्सासने घेतले ते त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, २०१७ मध्ये. हॅरॉल्ड पिंटर यांनी १९९३ मध्ये आपले कागद ब्रिटिश लायब्ररीकडे दीर्घ मुदतीच्या ठेवीने ठेवले आणि २००७ मध्ये, निधनाच्या आदल्या वर्षी, लायब्ररीने ते अकरा लाख पौंडांस विकत घेतले. दीडशेहून अधिक पेट्यांच्या त्या संग्रहात ई-पत्रेही होती. दप्तराला बाजारमूल्य आले की लेखक कागद फेकत नाही, हा लाभ झाला. पण आपला मसुदा उद्या वाचला जाणार आहे, या जाणिवेने लिहिलेला मसुदा पूर्वीच्या मसुद्यांइतका अजाण राहत नाही, हेही तितकेच खरे.

अ‍ॅलन एकबर्न यांचे उदाहरण आणखी एका बाजूने उपयुक्त आहे. १९७२ ते २००९ या काळात ते स्कारबरोच्या नाट्यगृहाचे कलासंचालक होते. ऐंशीहून अधिक नाटके लिहिणाऱ्या या नाटककाराची बहुतेक नाटके आधी त्या लहान गावात होत आणि मग लंडनला जात. १९६५ मध्ये स्कारबरोत 'मीट माय फादर' या नावाने झालेले नाटक १९६७ मध्ये लंडनमध्ये 'रिलेटिव्हली स्पीकिंग' म्हणून गाजले. १९५९ पासूनची अगदी आरंभीची नाटके त्यांनी रोलंड अ‍ॅलन या टोपणनावाने लिहिली होती. 'इन्टिमेट एक्सचेंजेस' या १९८२ च्या नाट्यमालिकेत तर पात्रांच्या निवडीनुसार कथानक फुटत जाऊन सोळा शेवटांपर्यंत पोहोचते; कोणता शेवट 'खरा', हा प्रश्नच तेथे निरर्थक ठरतो. अशा नाटककाराला स्वतंत्र दप्तरदार लागला यात नवल नाही. कोणते नाव, कोणते वर्ष, कोणती प्रत, याची उकल नाटककाराच्या स्मरणशक्तीवर सोपविता येत नाही. २०११ मध्ये त्यांचे कागद यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेकडे गेले. ज्या परगण्यात नाटके घडली त्याच परगण्यात दप्तरही राहिले, हे उगमाच्या तत्त्वाचे एक व्यापक पालनच होय.

६

आता मराठीकडे वळू. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अ‍ॅकॅडमीने पुढे ते उचलून धरले. या नाटकाची छापील संहिता वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय येते? माणसांची भिंत, तिचे सरकणे, फुटणे, पुन्हा जुळणे, कीर्तन व लावणी यांची लयबद्ध गुंफण यांपैकी कागदावर उतरले ते फार थोडे. 'घाशीराम'वरील समीक्षा मात्र पुष्कळदा केवळ त्या थोड्यावर उभी आहे. ऐतिहासिक सत्य, नाना फडणिसांची प्रतिमा, सत्तेचे रूपक हे सारे वाद संहितेच्या शब्दांवरून लढविले गेले, तर प्रयोगाचे व्याकरण ज्यांच्या वह्यांत होते ते रंगकर्मी या वादात साक्षीदार म्हणून क्वचितच आले.

त्याच वर्षीच्या 'सखाराम बाइंडर'चा अनुभव परीक्षण मंडळाशी जोडलेला आहे. मंडळाने सुचविलेल्या वगळणुकी, त्यांविरुद्धचा न्यायालयीन लढा आणि त्या काळातील प्रयोग यांचा वृत्तांत दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात दिला. मराठीत प्रयोगाचे दप्तर अनेकदा अशा आठवणींच्या रूपाने आले आहे. त्यांचे मोल मोठे आहे, पण आठवण ही घटनेनंतर, घटनेचा शेवट ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेली असते. तिच्या शेजारी वगळणुकींच्या खुणा असलेली प्रत, प्रॉम्प्टरची वही, नटाची प्रत ठेवता आली तरच तिची तपासणी शक्य होते.

संगीत नाटकाच्या काळात नटाला त्याच्या भूमिकेपुरती 'नक्कल' उतरवून देत. या नकला वापरून झिजत आणि टाकून दिल्या जात. त्यांचे मोल कोणाला वाटले नाही, कारण 'नाटक' छापलेले होते. छापील ग्रंथाला प्रमाण आणि प्रयोगाच्या कागदांना रद्दी मानण्याची ही सवय आपल्या नाट्यसमीक्षेच्या मुळाशी आहे. साहित्याच्या इतिहासात नाटकाचे प्रकरण ग्रंथांच्या प्रसिद्धीवर्षांनुसार लिहिले जाते, त्याचेही कारण तेच. ज्या दप्तरात तारीखवार प्रती असतील त्या दप्तरातून वेगळा इतिहास निघेल. तालमीत काय गळले, दहाव्या प्रयोगानंतर काय बदलले, दौऱ्यावर काय कापले गेले, हे त्या इतिहासात येईल.

७

हयात नाटककाराच्या दप्तरदारासंबंधी या ऐतिहासिक उदाहरणांतून काही निष्कर्ष काढता येतात. त्याच्या कामाचा गाभा कर्त्याच्या साक्षीला योग्य जागा देण्यात आहे. नाटककार समोर आहे म्हणून त्याला विचारता येते, आणि हे भाग्य सुकथनकरांना नव्हते. पण जे उत्तर मिळते ते उत्तराच्या तारखेचा दस्तऐवज असते. ज्या प्रतीविषयी विचारले त्या प्रतीच्या तारखेचा ते दस्तऐवज होऊ शकत नाही. १९७५ मधील आठवण १९४९ च्या वहीवर भाष्य म्हणून नोंदवावी, वहीतील मजकुराच्या जागी घालू नये. नाटककाराने एखादा कागद परत मागितल्यास तो द्यावा लागेल, परंतु तो कागद होता आणि परत गेला, ही नोंद राहिली पाहिजे. अटी लिखित असाव्यात आणि त्यांना मुदत असावी, कारण बेकेटच्या पत्रांबाबत दिसले त्याप्रमाणे अटीचा अर्थ लावण्याचे काम अखेर परक्यांवर येते. आणि नाटककाराच्या कपाटाबाहेरचे कागद, म्हणजे प्रॉम्प्टर, प्रकाशयोजनाकार, संगीतकार, नट आणि परीक्षण मंडळ यांच्याकडील प्रती, त्याच दप्तराचा भाग मानल्या पाहिजेत. नाहीतर दप्तर म्हणजे ग्योटेप्रमाणे अखेरच्या हाताची आवृत्तीच होऊन बसेल.

या कामाला मराठीत उशीर झाला आहे, हे मान्य करावे लागेल. १९७० च्या दशकातील प्रायोगिक रंगभूमीवर ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्यांतील पुष्कळजण आज आपल्यात नाहीत. तेंडुलकर २००८ मध्ये गेले. उरलेल्यांच्या घरांत अजूनही वह्या, चक्रमुद्रित प्रती, ध्वनिफिती आणि कात्रणे असतील. त्या मागताना आपण काय मागतो आहोत हे त्यांना व आपल्याला नीट ठाऊक असावे. आपल्याला स्मारक उभारावयाचे नाही. नाटककाराच्या थोरवीला त्या कागदांचा आधार मिळेल की धक्का लागेल, हे आधी ठरविताही येणार नाही. एखाद्या प्रयोगवहीतून उद्या असे दिसेल, की ज्या संवादाचे आपण तीस वर्षे विवेचन केले तो नटाने तालमीत सुचविला होता. त्या दिवशी ती वही वाचकापुढे ठेवणारा दप्तरदार आपल्यापाशी असेल काय, या प्रश्नाच्या उत्तरावर मराठी नाट्यसमीक्षेचे पुढील स्वरूप बरेचसे अवलंबून राहील.